भीमाबाईचा वायवा

जबलपूरजवळच्या खमरिया फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या लायनीत भीमाबाईला सगळे 'काहूनबाई' म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. उगाच का म्हणत? डॉक्टरनं गोळी दिली की ही आपल्या वऱ्हाडीत विचारणार, "काहून?" म्हणजे, का म्हणून? बँकेतल्या साहेबानं इथं सही करा म्हटलं, की "काहून?" एकदा एक पुढारी मत मागायला आला, तर त्याला दारात उभं करून हिनं इतके काहून विचारले, की बिचारा पाणी पिऊन गुमान परत गेला. शाळा तिची चौथीपर्यंतची, वर्धेकडच्या खेड्यातली. लग्न करून जबलपूरला आली, तेव्हा नवरा देवीदास नुकता फॅक्टरीत लागला होता. पण समजल्याशिवाय मान डोलवायची नाही, हा तिचा बाणा माहेराहूनच आलेला.

लेक शैलजा तिच्यावरच गेली. विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पहिली आली, पीएच.डी.ला लागली. अख्ख्या लायनीत पहिलीच, बापा! भीमाबाई भाजीवाल्यालाही आधी हे सांगायची न् मग वांगी निवडायची. पण एक गोष्ट तिला आतून खुपत होती. "कशावर शिकून राहिली व तू?" असं विचारलं, की शैलजा म्हणे, "अरे आई, तुला नाही समजणार." दोन-तीनदा असं झालं. मग साऱ्या जगाला काहून विचारणारी ही बाई पोटच्या पोरीला मात्र विचारेनाशी झाली. लेकीचा अभिमान तर डोंगराएवढा, अन् तो कशाचा तेच माहीत नाही! याच्यासारखं दुखणं नाही हो.

शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. वायवा म्हणतात त्याला. वायवा खुला, कोणीही येऊन बसावं, ऐकावं. देवीदासनं इस्त्रीचा शर्ट घातला, शेजारची बेबीताईही निघाली. शैलजानं आईला बजावलं, "तिथं तुझं काहूनबिहून नको हां, प्लीज. मोठे मोठे लोक असतात."

"मी काय येडी आहो?" भीमाबाई म्हणाली.

तासभर शैलजा बोलली, जास्त इंग्रजीत, थोडं हिंदीत. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी खोदून खोदून विचारलं, पोरीनं फाडफाड उत्तरं दिली. भीमाबाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पोरगी कुठं अडली नाही, एवढं मात्र कळलं. मग परीक्षेचे अध्यक्ष रीतीप्रमाणे म्हणाले, "सभागृह में किसी को कुछ पूछना हो, तो पूछ सकते हैं."

हे म्हणायचं असतं म्हणून म्हणतात. विचारत कोणीच नाही, सगळ्यांचं लक्ष चहाकडे. पण हे भीमाबाईला कोण सांगणार? भल्या माणसानं आपणहून म्हणावं न् आपण तोंड शिवून बसावं, हा तर त्याचा अपमान झाला. ती उठून उभी राहिली.

"बस व, बस खाली!" देवीदासनं पदर ओढला. समोर शैलजाचा चेहरा पांढराफटक पडला.

"पूछिए, माताजी," एक परीक्षक म्हणाले.

"मले इतकंच विचारायचं हाय. पोरी, तू इतकी वर्षं करून काय राहिली होती?"

हॉलमध्ये खसखस पिकली. शैलजानं सुरुवात केली, "आई, मिट्टी में जो बीज..."

"तसं नाही. मले समजंल असं सांग."

आणि परीक्षकांपुढं न अडलेली पोरगी आईपुढं अडली! शाळा सगळी हिंदीतली; मराठी तिला समजायची सगळी, घरातलं दोन शब्द बोलायचीही, पण असलं काही सांगायची वेळ आली की तुटक तुटक. तिनं ओठ चावला, हातातले कागद टेबलावर ठेवले, न् सरळ आईकडे बघितलं.

"आई, क्वार्टरच्या मागं तू भाजी लावते ना? दर साली गवत उपटते. तरी येते ना ते?"

"मेलं येतेच येते! काहून येते?"

"त्याचं बी जमिनीत खाली झोपून असते. कित्येक साल. मरत नाही. तू खुरपी खोल मारते, तर ते वर येते. जरासा उजेड भेटला, बस, जागं होते. कोणत्या बीला किती उजेड लागते, ते मी मोजलं."

भीमाबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे इतकी वर्षं मीच उठवून राहिली होती त्याले?"

"हो आई. तूच."

हॉल खदखदून हसला. शैलजाचे मार्गदर्शक रत्नाकर सर तर डोळे पुसायला लागले. भीमाबाई मात्र हसली नाही. "मग आता करू काय?"

"खोल नको खुरपू. वरच्या वर काप."

भीमाबाईनं सगळं मनात एकदा घोळवून पाहिलं. कुठं अडत नव्हतं. तिचा ऊर भरून आला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "अवो," ती देवीदासकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "हे तर मले पुरं समजलं!"

अध्यक्षांनी हसत हात जोडले. "तो माताजी, आपकी क्या राय है?"

भीमाबाईनं पदर सावरला न् बाहेरगावच्या परीक्षकांकडे नजर लावली.

"पोरीनं काम चोख केलं," ती म्हणाली. "द्या तिले डिग्री."