मी वाचलेला शास्त्रपाठ

उदारीकरणाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझी पोस्टिंग हैदराबादच्या एका मिलिटरी हॉस्पिटलात झाली. रँक कॅप्टन, काम सर्जिकल वॉर्डची सिस्टर. मेसमध्ये नुकतीच केबल आली होती आणि रिमोटवरून आम्हा सिस्टर लोकांत रोज चकमकी झडत. मला टीव्हीचा कंटाळा होता, आणि खरं सांगायचं तर देवाचाही. तरी दर रविवारी ०९०० वाजता चर्चच्या पहिल्या बाकावर मी हजर. कडक इस्त्री, ताठ मान. प्रभू जणू माझ्या सलामीसाठीच ताटकळत बसला होता! उपदेश सुरू झाला की मी खिडकीच्या काचा मोजायची.

वॉर्डात लान्स नाईक यादगिरी होता, वरंगलकडचा. बर्फात त्याचे दोन्ही हात मनगटापासून गेले होते आणि एक पाय काळा पडला होता. कमांडिंग ऑफिसरच्या राउंडला पेशंटनं पलंगावरही सावधान झोपायचं, हात अंगालगत सरळ, असा नियम. मी त्याच्या रिकाम्या बाह्या ओढून सरळ केल्या.

"सिस्टर, हाताँ तो कब के छुट्टी पे गये," तो म्हणाला. "इनकू भी सावधान?"

वॉर्ड हसला. मी ओरडले, "सायलेन्स!"

आता इथं हैदराबादच्या बरकतपुऱ्यात माझी नात विचारते, "आजी, तू फार स्ट्रिक्ट होतीस का गं?" स्ट्रिक्ट कसली, ठोंब होते.

मग एका रविवारी ०७३० ला सर्जननी यादगिरीचा पाय पाहिला. विष वर चढत होतं. "काढावा लागेल. १००० वाजता ऑपरेशन थिएटर."

माझी ड्युटी ०८०० ला संपली. यादगिरीनं हाक मारली.

"सिस्टर, अंदर ले जाते तक जरा बैठते क्या?"

"डर लगता?"

"हौ."

"चर्च जाके आती. आज पाठ मेरेकू पढना है."

"जाओ सिस्टर. मेरा नाम भी बोल देओ उनकू."

पाठ आजाऱ्यांच्या भेटीला जाण्याविषयीचा होता. मी तो खणखणीत आवाजात वाचला. पाळकांनी कौतुक केलं. यादगिरीचं नाव सांगायचं मात्र राहून गेलं.

११२० ला सर्जन थिएटरबाहेर आले. "सॉरी, सिस्टर."

त्यानंतर सोळा वर्षं नोकरी केली. ज्याचं ऑपरेशन, त्याच्या पलंगाशी स्टूल ओढून बसायचं. पत्रं लिहायची, उपमा भरवायचा, फालतू विनोद सांगायचे. कित्येक रविवार चर्च चुकलं. कंटाळा कुठं गेला, कळलंही नाही. पण हे शहाणपण एका माणसासाठी उशिरा आलं.

यादगिरीची बायको दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, नामपल्ली स्टेशनवर उतरली होती. तिला आणायला मी जीप घेऊन गेले होते. तिनं एवढंच विचारलं, "अंदर ले जाते तक उनके पास कौन था?"

"मैं थी."

तिनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मी ते काढून घेतले नाहीत.

खरी नोंद अशी: लान्स नाईक यादगिरी, वय अठ्ठावीस. वॉर्डातून थिएटरपर्यंत एकटा गेला.