बोरीखालचे पाच दगड

वेळ अमावस्येला शेतात जे पाच दगड पुजायचे, ते आमच्या घरी लेकीनं वेचायचे असतात. बाकीच्यांकडं कोण वेचतं मला ठाऊक नाही. आमच्यात लेक, मग तिचं लग्न झालेलं असो की नसो. मी पाच वर्षांची असल्यापासून वेचत आले. जुने दगड रानात परत टाकायचे आणि दरवर्षी नवे आणायचे, ओढ्याच्या काठावरून नाहीतर बांधावरून. फार मोठे नकोत, फार गुळगुळीत नकोत, आणि मातीवर ठेवल्यावर डुगडुगता कामा नये. मग ते चुन्यात बुडवायचे, उन्हात वाळवायचे आणि वर कुंकवाची बोटं ओढायची.

नांदेडच्या आमच्या ऑफिसात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "अमावस्येला कुणी रजा घेतं का हो? अन् तीबी दगडासाठी?" लातूरकडच्या माणसाला असं विचारायची गरज पडत नाही. मार्गशीर्ष संपताना ही अमावस्या येते. तिकडं त्या दिवशी जिल्ह्याला सुट्टी असते आणि दुपारपर्यंत गाव रिकामं होतं, सगळे रानात. आम्ही येळवस म्हणतो. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायचा, त्यावर लुगडं नाहीतर शाल पांघरायची, आत पाच दगड मांडायचे. तूर, वाटाणा, पावटा, हरभरा, रानात जे हिरवं असेल ते सगळं घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मातीच्या बिंदग्यात चार दिवस आंबवलेली ताकातली आंबील. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं, ओळख असो नसो. आणि दिवस कलताना मातीच्या बोळक्यात दूध तापवायचं. ते ज्या दिशेला उतू जाईल, त्यावरून येत्या पावसाचा अंदाज बांधायचा.

आमचा कोप रस्त्याकडच्या तुकड्यात पडायचा, बोरीच्या झाडाखाली. रस्त्यापासून बत्तीस पावलं. वडील दरवर्षी मोजायचे, झाड तिथंच असूनही मोजायचे.

वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी दहावीला होते त्या वर्षी दूध उतू गेलं तसं त्यांनी मला हाक मारली. "शिकायलीस न्हवं तू? मग लिहून ठेव, दूध कुणीकडं गेलं. माझ्या ध्यानात किती ऱ्हायचं?" मी शंभर पानी वहीत एक ओळ लिहिली. पुढच्या वर्षी दुसरी. पावसाळा सरला की ते म्हणायचे, "काढ ती वही," आणि मी ओळ वाचून दाखवली की मान हलवायचे. अंदाज खरा ठरला की चुकला हे ते कधी बोलले नाहीत. त्यांना ऐकायला आवडायचं, एवढंच.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते सोपं नव्हतं. भाऊ माझ्याहून धाकटा, आठवीत शाळा सोडून रानात उतरला. मी बी.ए. झाले, महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. आधी देगलूर, मग धर्माबाद, मग नांदेड. वही माझ्याबरोबर फिरली. येळवशीच्या ओळींमध्ये दुसऱ्या ओळीही येऊ लागल्या. गच्चीवर डब्यात लावलेल्या अंबाडीला पहिलं फूल कधी आलं, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे कोणत्या दिवशी उघडले, ऑफिसामागच्या बहाव्याला पिवळा घोस कधी लागला. आता लोक अशा जगण्याची शिबिरं भरवतात. आम्हाला ते वडिलांकडून आलं होतं, त्याला नाव नव्हतं. वीस वर्षं नांदेडात राहिले, तरी कुणी "गाव कुठलं?" विचारलं, की मी "लातूरकडचं" म्हणत असे आणि पुढं न विचारता बोरीपर्यंत सांगत जायची.

वडील गेले. वर्षश्राद्ध झालं आणि भावानं हक्कसोड पत्राचं काढलं. बहिणीनं वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून द्यायचा, आमच्याकडं बहुतेक बहिणी देतात. मलाही जमीन नको होती. तालुक्याला रजिस्ट्रीच्या कचेरीत मी कागद पुरता वाचला, घरात वाचणारी मी एकटीच. आणि सही करण्याआधी म्हणाले, "सगळं घे. फक्त रस्त्याकडची बोर अन् तिच्याखालची जागा कधी द्यायची नाही. येळवस तिथंच व्हायची."

"अक्का, हे काय बोलायलीस?" भाऊ म्हणाला. "ती जागा कोण इकतंय? कोप तिथंच पडंल, दगडं तूच वेचशील. जबान हाय माझी."

आई बाकावर बसली होती. मी तिला म्हणाले, "ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की."

तिथला कारकून, माझ्याच खात्याच्या भाऊबंदातला म्हणा, पेन पुढं करत म्हणाला, "बाई, अट असंल तर लिहून घ्या कागदात."

मी हसले. "सख्खा भाऊ आहे हो."

रोज माझ्या टेबलासमोर बायका येऊन बसतात. मी त्यांना सांगते, मावशी, भाऊ असला तरी लिहून घ्या. त्या म्हणतात, भावाकडून काय लिहून घ्यायचं? आणि मी मनात म्हणायची, अडाणी आहेत बिचाऱ्या.

चार वर्षं सगळं नीट झालं. मी जायची, दगड वेचायची, ओळ लिहायची. पाचव्या वर्षी भावाचा फोन आला. "औंदा येऊ नको, अक्का. रस्ता उखडलाय, गाड्या दोन-दोन तास अडकायल्यात." रस्ता रुंद होत होता हे खरंच होतं. त्यानं गावच्या एका जीपवाल्याबरोबर डबाभर भज्जी आणि उंडे पाठवले. मी गच्चीवर शेजारच्या बांधकामावरचे पाच दगड आणून मांडले, संध्याकाळी आईला फोन केला.

"दूध कुणीकडं गेलं?"

"उगवतीला गेलं बघ," आई म्हणाली. मी लिहिलं.

पुढच्या वर्षी मलाच निवडणुकीचं काम लागलं. मी रडवेली होऊन फोन केला तर आई लगेच म्हणाली, "सरकारी काम हाय, सोडू नको. येळवस काय, फिरून येती." मला तिचं कौतुक वाटलं. न शिकलेली बाई, पण नोकरीची किंमत जाणते, असं मी ऑफिसात सांगितलंसुद्धा. त्या वर्षी दूध दक्षिणेला गेलं. तेही लिहिलं.

मध्ये एकदाही मी आमचा सातबारा उघडून बघितला नाही. दिवसातून पन्नास लोकांचे बघते. आमचा बघायला दोन मिनिटं लागली असती. पण आपल्या माणसाचा उतारा काढणं म्हणजे त्याच्या घरात झाडाझडती घेतल्यासारखं वाटायचं.

त्याच्या पुढच्या वर्षी रजा टाकली आणि कुणाला न सांगता निघाले. पिशवीत कोपावर घालायला नवं हिरवं लुगडं आणि वही. लोहा, अहमदपूर करत बस फाट्यावर पोचली तेव्हा अकरा वाजले असतील. फाट्यावरून रान दहा मिनिटांच्या वाटेवर. रस्ता नवा, रुंद, दोन्ही बाजूंची झाडं गेलेली. शिवारात ठिकठिकाणी कोप उभे होते, बायकांच्या हाका ऐकू येत होत्या. आमच्या रानाकडं बघितलं तर लांबून पांढरं दिसलं. दगड. चुन्याचे दगड. भावानं औंदा हौसेनं जास्तीचे रंगवले वाटतं, असं मनात आलं आणि हसूही आलं.

जवळ गेले तर ते दगड ओळीत होते. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, रस्त्यापासून थेट खालच्या बांधापर्यंत. प्रत्येकावर लाल रंगानं आकडा. मधून मुरुमाचे रस्ते टाकलेले, आणि तोंडाशी कमान, तिच्यावर निवासी प्लॉटची पाटी. ज्वारीचं एक ताट नव्हतं. बोर नव्हती. तिचं खोडसुद्धा नव्हतं. मी रस्त्यापासून पावलं मोजत आत गेले. बत्तिसाव्या पावलाला चौदा नंबरचा दगड होता.

खाली ओढ्याकडं राहिलेल्या रानात आमचा कोप दिसत होता. पुतणी चुन्याचं भांडं घेऊन बसली होती, बारा-तेरा वर्षांची असेल. तिनं मला आधी बघितलं. "आत्या आली!" ती ओरडली.

"अगं अक्का," भाऊ उठून उभा राहिला, "फोन तरी करायचा."

"केला असता तर काय सांगितलं असतंस? रस्ता उखडलाय?"

"वन्सं, उन्हातनं आलाव, आधी आंबील प्या," भावजय तांब्या घेऊन पुढं आली. मी तांब्या घेतला नाही.

"बोर कुठं हाय?"

"वाळली होती," भाऊ म्हणाला.

"बोर वाळत नसती."

तो एकदम बोलायला लागला. "रस्त्याकडची समद्यांनी दिली, अक्का. ह्या बाजूनं प्लॉट, त्या बाजूनं प्लॉट, मी एकटा मधी जवारी पेरून काय करू? तू शिकलीस. माझी पोर शिकू नको का?"

"शिकव की. मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आडवी पडली असतीस."

"म्हणून तर जबान घेतली होती."

"जबान, जबान," तो म्हणाला. "तू कागद वाचून सही केलीस. आमच्यात वाचता येणारी तूच एकटी. त्या कागदात मी काय लपवलं होतं, सांग बरं?"

कागदात काही लपवून फसवलं असतं तर मी भांडले असते. पण जे बोलला ते खरं होतं, आणि त्यानं माझंच शिक्षण माझ्यावर फेकलं होतं.

मी आईकडं वळले. ती कोपाच्या सावलीत उंड्यांच्या परडीवर फडकं सारखं करत होती. ते आधीच सारखं होतं.

"आई, दूध कुठं गेलं होतं?"

"आता कशाला ते."

"पहिल्या साली उगवतीला म्हणलीस."

"उतूच घातलं न्हाई गं. बोर पाडली त्या साली कुणाचं मन झालं न्हाई. तू फोनवर इचारलीस, मग म्हणलं उगवतीला. तुला बरं वाटावं."

"अन् दुसऱ्या साली?"

"दक्षिण म्हणलं." आईनं परडी सरकवली. "दोन्ही साली उगवतच सांगितली असती तर तू वळखलं असतंस."

भावाचं बोलणं मी केव्हातरी पचवीन. हे पचत नाही. फोन वाजला तेव्हा ती कुठंतरी पदर सारखा करत उभी असेल आणि कोणती दिशा सांगावी याचा विचार करत असेल. आणि इकडं मी गच्चीवर पेन उघडून बसलेली. बाकी सगळ्या ओळी वडिलांनी ऐकलेल्या किंवा मी डोळ्यांनी बघितलेल्या. त्यांच्याखाली ह्या दोन.

"मला त्येच्यापाशी ऱ्हायचंय, बाई," आई हळू म्हणाली. "तू येळवशीपुरती एक दिवस येतीस."

तेही खरंच. त्या दिवशी शेवटी सगळे खरंच बोलत होते.

पुतणीनं चार दगड रंगवून ठेवले होते. पाचवा तिनं माझ्यापुढं धरला. "आत्या, हा तुम्ही रंगवा. आजी म्हणायची, तुमचा मान असतो." मी चारी दगड हलवून बघितले. नीट बसत होते, एकही डुगडुगत नव्हता. वेचायला तिला कुणी शिकवलं असेल? मी तर नाही.

"चांगले वेचलेस," मी म्हणाले. "तूच रंगव. आता तू लेक ह्या घरची."

लुगडं तिच्याजवळ ठेवलं आणि चढाला लागले. "जेवून तरी जा गं," आईनं हाक मारली. मी वळले नाही. पाठीमागं कुणाची पावलं येतात का ते मात्र कमानीपर्यंत ऐकत गेले.

फाट्यावर बस नव्हती. येळवशीला गाड्या कमीच. रस्त्यापलीकडचं शिवार दुसऱ्या गावचं, तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. उन्हात अर्धा तास उभी असेन, तेवढ्यात तिकडून आवाज आला.

"ओ ताई! अशा उपाशी कामून उभ्या? या इकडं, येळवस हाय!"

"नको, बस येईल."

"बस कुठं पळून जात न्हाई. अन् गेली तर आमची बैलगाडी हाय, लातूरला उद्या पोचवताव!" सगळे हसले. एक माणूस बांध ओलांडून न्यायलाच आला. अशा वेळी नाही म्हणत नसतात. मी गेले.

त्यांचा कोप तुरीच्या कडेला होता. म्हाताऱ्या बाईनं मला घोंगडीवर बसवलं, पत्रावळीवर भज्जी वाढली, दोन उंडे ठेवले. भज्जीत चिंच जरा जास्त होती, आई इतकी घालत नाही. बसल्या जागेवरून रस्त्यापलीकडं ते पांढरे दगड दिसत होते आणि त्यांच्या खाली, बोटाएवढा, आमचा कोप. कोपावर हिरवं काहीतरी होतं. लुगडं घातलं असावं.

"दिवस कलला की दूध उतू घालताव आम्ही," म्हातारी म्हणाली. "थांबलाव तर बघाल कुणीकडं जातंय ते."

वही पिशवीत होती. मी ती काढली नाही.

"गाव कुठलं म्हणलाव?" तिनं विचारलं.

घास तोंडात होता. तो गिळला.

"नांदेड," मी म्हणाले.

"तिकडं करतेत का येळवस?"

"न्हाई."

"मग खा पोटभर," ती म्हणाली आणि तिसरा उंडा वाढला.