क्लेमेंटीत फिरलेला तारा

सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघी शेजारशेजारच्या खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. दोघीही युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक संशोधक. ती अलास्काकडच्या एका बेटावरची, तिथल्या मूळ अलुतिक लोकांतली. आडनाव मात्र अस्सल रशियन. त्यामुळे जो तो तिला मॉस्कोच्या थंडीबद्दल विचारायचा. ती हसून म्हणायची, "मी तिथे कधी गेलेच नाही."

जानेवारीतल्या एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बांबूच्या कामट्या पसरून बसली होती. तिला तारा करायचा होता. त्यांचा नाताळ जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे, आपल्या सात जानेवारीला. त्या दिवशी मोठा तारा गरगर फिरवत, गाणी म्हणत गावभर घरोघरी जातात. कामट्या काही जुळेनात. मी लहानपणी दर दिवाळीला आकाशकंदील केलेले. मग मीच मांडी घालून बसले, सांगाडा दोऱ्याने आवळला आणि खळ शिजवायला ठेवली.

कागद चिकटवताना मी विचारलं, "रशियनांनी तुमच्या लोकांना फार छळलं ना?"

"हो. कातड्यांसाठी आले होते. बायकामुलांना ओलीस ठेवून पुरुषांना पाणमांजरांच्या शिकारीला समुद्रात पाठवायचे. कितीतरी जण परतलेच नाहीत."

"आणि तरी त्यांचाच देव?"

तिने ओल्या कागदावरची सुरकुती बोटाने सपाट केली.

"त्यांच्यातल्याच काही पाद्र्यांनी आमची बाजू घेतली. आमची भाषा लिहायला अक्षरं दिली. पुढे अलास्का अमेरिकेने विकत घेतल्यावर अमेरिकन शाळांत ती बोललं की मार बसायचा, पण चर्चमध्ये गाता यायची. त्यातलं त्यांचं किती, आमचं किती, मला वेगळं काढता येत नाही."

तिन्हीसांजेला आम्ही कॉरिडॉरमध्ये आलो. खाली एमआरटीची मेट्रो दिव्यांची माळ ओढत निघून गेली. तिने तारा फिरवला. लाल, पिवळा, सोनेरी कागद एकमेकांत विरघळले. आधी ती चर्चच्या जुन्या रशियन भाषेत गायली, मग स्वतःच्या. तो आवाज दमट हवेत तरंगत राहिला, आणि क्षणभर मला वाटलं, वाळत घातलेल्या कपड्यांपलीकडे बर्फ पडतंय.

शेजारच्या चिनी आंटींनी जाळीचा दरवाजा उघडला. गाणं संपेपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. मग खास सिंगापुरी लकबीत म्हणाल्या, "आत या लाह! गाणाऱ्यांना उपाशी कसं पाठवायचं?"

तिचे डोळे भरून आले. "आमच्याकडेही अगदी हेच म्हणतात," ती पुटपुटली.

आंटींनी संत्री आणि अननसाचे टार्ट पुढे केले. "या गाण्याचा अर्थ काय?"

"सगळे शब्द मलाही येत नाहीत," ती म्हणाली. "आईला येतात."

"मग तिलाच विचार."

तिने तिथूनच फोन लावला. बेटावर अजून उजाडलं नव्हतं. आईचा झोपाळू आवाज आला आणि एकेक शब्द सावकाश उलगडत गेला. आम्ही तिघी संत्री सोलत ऐकत बसलो.