चटका

संत्र्याच्या रसाला उकळी आली, की तो वास मला मंगरूळपीरच्या आमच्या सरबताच्या कारखान्यातल्या एका जुन्या सकाळीत नेतो. गरम सरबतानं झाकणही आतून निर्जंतुक व्हावं म्हणून मी आणि माझ्याहून थोरली कांताबाई भरलेल्या बाटल्या हातानं उलट्या करायचो. त्या दिवशी हे काम करणारं यंत्र आलं आणि सुरू होताच बाटल्या फोडू लागलं. मी मनातून खूश झाले. ते चाललं असतं तर दोघींपैकी एकीचंच काम उरणार होतं.

कांताबाईनं मात्र काचा झाडल्या, बाटली धरणाऱ्या पट्ट्या आवळल्या, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काचा, पुन्हा बटण.

"काहून मागं लागून राह्यल्या, कांताबाई? आपलंच काम जाईन ना!" मी चिडले.

तिनं नुकतीच भरलेली बाटली मुठीत घट्ट धरली आणि सोडलीच नाही.

"माह्या हाताले आता चटका समजतच नाही. तुह्या हाताले समजते. यंत्र तूच शिक."

तेव्हा ती मला वेडी वाटली होती. आज ते यंत्र मी चालवते. रोज पहिली बाटली उलटली, की मुद्दाम तिला तळहात लावते. चटका बसतो. मगच पुढचं काम सुरू करते.