काशीराम तांडेलाची दोरी

पनवेलच्या बंदराला शिडाचे मचवे लागत होते त्या काळात काशीराम तांडेलाच्या कमरेला कायम एक दोरी असायची. काथ्याची, दोन हात लांब, डांबर पाजलेली. नवख्याला वाटायचं, मचव्याच्या कामाची असेल. कामाचीच होती, पण मचव्याच्या नव्हे. तिच्यात पनवेलकरांचे निरोप बांधलेले असायचे.

काशीरामाचा मचवा तांदूळ आणि जासईकडचं मीठ भरून मुंबईला मशीद बंदराला जाई. सुटायच्या आधी धक्क्यावर बायकांची ही गर्दी! कुणाचा मुलगा कापडगिरणीत, कुणाचा दीर गोदीत. निरोप देणाऱ्यांना अक्षर येत नव्हतं आणि नेणाऱ्यालाही नव्हतं. तर काशीरामाने आपली रीत काढली होती. बाई बोलू लागली की तो डोळे मिटायचा आणि तिचं बोलणं संपता संपता दोरीला एक गाठ मारायचा. एक निरोप, एक गाठ. मुंबईत ज्याचा निरोप त्याच्यापुढे उभं राहायचं, आधी गाठ सोडायची, मग बोलायचं. गाठ सुटायच्या आधी शब्द तोंडातून काढायचा नाही. दुसऱ्याच्या हाती निरोप द्यायचा नाही. एकदा गाठ मारली की ती आपली. मरणाची बातमी मात्र तो गाठीत बांधत नसे. ती छातीशी धरून न्यायची आणि धक्क्याला उतरल्या उतरल्या सांगून टाकायची.

गंगाबाईने एकदा भायखळ्याच्या भावाला निरोप धाडला. निरोप कसला, नुसत्या शिव्या. आईच्या पाटल्या त्याने ठेवून घेतल्या होत्या. काशीरामाने त्याच्या खोलीच्या दारात उभं राहून गाठ सोडली आणि गंगाबाईच्याच आवाजात, तिच्याच हातवाऱ्यांसकट एकेक शिवी ऐकवली. सगळी चाळ जमली. भाऊ आधी लालेलाल झाला, मग म्हणाला, "झालं? आता माजी बांध." परतीच्या खेपेला एकट्या त्याच्याच तीन गाठी. त्या ऐकून गंगाबाईने पदराने डोळे टिपले. "मेल्याचा आवाज बेस काडलास रं काशीराम. खोकला गेला का त्याचा?"

अशी ती दोरी. खेपेगणिक गाठी बसायच्या आणि सुटायच्या. एक सोडून. अगदी टोकाची, वाटाण्याएवढी. ती सेहेचाळीस सालापासून तशीच होती, आणि ती काशीरामाच्या घरातलीच होती.

झालं होतं ते असं. लढाईत रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला. कुठे रंगून आणि कुठे पनवेलची खाडी! पण तिकडे आग लागली आणि इकडे मुंबईला तांदूळ हवा झाला, मचव्याला उसंत मिळेना. त्याच आगीने आगबोटींना माणसं कमी पडू लागली. काशीरामाचा धाकटा भाऊ जगन मचव्यावर शीड सांभाळायचा. तो गोदीत गेला, अंगठा उठवला आणि खलाशी झाला. दोनदा जाऊन सुखरूप आला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा लढाई संपली होती. त्याची बायको मैना म्हणाली, "आता कोनी बोलावलंय तुमाला?" जगन म्हणाला, "मोठा दर्या बोलावतो, तुला नाय कळायचं." शब्दाला शब्द लागला. मैना मिठागरात राबणारी, मिठासारखीच खरखरीत. तिने दारात हात आडवा धरला. "जायचं त जा. पन मंग या उंबऱ्याला परत पाय लावू नका. तोंड दाकवू नका."

जगन तिच्या हाताखालून वाकून गेला. ज्या मचव्याने गेला त्याचं सुकाणू काशीरामाच्याच हातात होतं. मशीद बंदरापर्यंत जगन घराकडे पाठ करून बसला. उतरताना पाया पडला तेवढाच.

आठव्या दिवशी मैना धक्क्यावर आली. सगळ्या बायका हटेस्तोवर लांब उभी राहिली. मग थोरल्या दिरापुढे पदर डोक्यावर ओढून, खाली बघत तिने निरोप सांगितला. काशीरामाने डोळे मिटले, गाठ मारली. इतकी कचकून मारली की बोटाला काथ्या रुतला.

पण जगनची आगबोट तोवर एडनपलीकडे गेली होती.

त्यानंतर प्रत्येक खेपेला काशीराम खलाशांच्या खोलीवर जायचा. "जगन आला?" "नाय." जगन कलकत्त्याहून दुसऱ्या बोटीवर चढायचा, मुंबईला फिरकायचाच नाही. मैनाच्या नावाने मनीऑर्डर मात्र न चुकता यायची. टपालवाला कुपन उलटंपालटं करायचा. पैसे पाठवणाऱ्याला खाली दोन ओळी लिहायला जागा असते, ती कोरी. "काही लिहिलेलं नाही बाई," म्हणायचा. पैशाला सात समुद्रांवरून वाट सापडत होती, शब्दाला सापडत नव्हती.

"अगं, पत्र लिवून घे कुनाकडनं," शेजारणी म्हणायच्या.

"आनि काय सांगू त्या लिवनाऱ्याला? माजं बोलनं चार लोकांच्या हातातनं जायचं? गाठ मारलीय दादांनी. ती सुटल तवा सुटल."

अठ्ठेचाळीस साली पनवेलचाच शिवा खलाशी मशीद बंदरावर भेटला. त्याची नेमणूक नेमकी जगनच्या बोटीवर झाली होती. म्हणाला, "काशीदादा, दे निरोप. म्हयनाभरात त्याच्या कानात घालतो."

काशीरामाने दोरी मुठीत धरली. इतक्या वर्षांत त्याने कुणाचा निरोप दुसऱ्याच्या तोंडी दिला नव्हता. सबंध पनवेल त्याच्यावर भरवसा ठेवून होतं तो त्याचसाठी. आणि हा तर घरातला, नवराबायकोमधला. "नाय रं," तो म्हणाला. "गाठ माजी हाय. त्याला सांग, दादानं बोलावलंय. येवडंच सांग."

शिवा गेला तो दहा वर्षांनी आला.

त्या दहा वर्षांत काय नाही झालं! खाडी गाळाने भरत आली. पुण्याच्या रस्त्याने मालमोटारी धावू लागल्या, पळस्प्याच्या नाक्यावर त्यांच्या रांगा लागू लागल्या. भरती-ओहोटी न बघता निघायच्या आणि दुपारपर्यंत मुंबईत. दिनानाथशेट भातगिरणीवाले मचव्याचे मालक. त्यांनी पंचावन्न साली मचवा मोडीत काढला, त्याच्या फळ्यांचं गिरणीला छप्पर केलं आणि काशीरामाला त्याच छपराखाली राखणीला बसवलं. शेटच्या गादीवर काळा टेलिफोन आला. आता मुंबईचा भाव सकाळीच कळायचा. बायका निरोपाला यायच्या बंद झाल्या. धाकट्या पोरी चार यत्ता शिकून स्वतःच पत्रं खरडू लागल्या. काशीराम कधी एकटाच धक्क्यावर जाऊन बसायचा. पाणी चढताना बघायचा. रिकामी दोरी हातात, आणि टोकाला ती एक गाठ.

रेशनच्या दुकानात लाल परदेशी गहू आला, तोही याच दिवसांत. भाताच्या मुलखात माणसं चपात्या लाटायला शिकली. शिवा सुटीवर आला तो काशीरामाच्या ओट्यावर बसून हसत म्हणाला, "दादा, ह्यो गहू आमच्याच बोटीतनं आलाय. मी नि जगननं कोठाराची झाकनं उगडून दिली गोदीत."

"जगन मुंबईत होता?"

"दोन दिस. खाली उतरला नाय."

काशीरामाने पुढ्यातल्या चपातीकडे पाहिलं. भावाच्या बोटीतला गहू घरी पोचला होता.

"मी सांगितलं होतं त्याला, दादानं बोलावलंय," शिवा म्हणाला. आता तो हसत नव्हता. "त्यानं इचारलं, आनि घरचा निरोप? मी बोललो, दिला नाय. मंग दर बंदराला इचारायचा, शिवा, निरोप हाय काय? मी नाय बोलायचो. मान हलवून खाली इंजनात निघून जायचा. तिनं उंबरा बंद केलाय, आसं धरून बसलाय तो."

त्या दिवशी काशीरामाला जेवण गेलं नाही. जी मूठ त्याने इमानाने मिटली होती तिच्यातच भावाची दहा वर्षं चिरडली होती. मैनाला सांगायला गेला. ती मिठाच्या राशीवर पेंढा घालत होती. सगळं ऐकून घेतलं, पेंढ्याची मोळी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमी रीत पाळलीत. मी शब्द टाकला. त्यो मानी. आता कुनाला बोल लावायचा?" आणि पुन्हा मोळी उचलली.

पुढच्या साली शिवा परत नोकरीवर हजर व्हायला मुंबईला गेला. तिसऱ्या दिवशी, सकाळचे अकरा वाजले असतील, दिनानाथशेट गादीवरून ओरडले, "काशीराम! अरे धाव, तुझा ट्रंक कॉल!"

काशीरामाने जन्मात टेलिफोन कानाला लावला नव्हता. शेटने तो धरून त्याच्या कानाशी दाबला. आत शिवा बोंबलत होता, "काशीदादा! आगबोट कंपनीच्या हापिसातनं बोलतोय. जगन हाय हितं! चार वाजता दोन वर्सांच्या सफरीवर अंगठा देनार हाय. माजी बोट आत्ताच सुटतेय, मी पळतो. देतो त्याला, बोल!"

खरखर झाली. मग कुणीतरी खाकरलं.

"दादा."

तेरा वर्षांत आवाज जाड झाला होता, पण हाक तीच.

"दादा, निरोप हाय काय?"

"हाय," काशीराम म्हणाला. "थांब."

आणि त्याने कमरेची दोरी काढून गाठीला नख लावलं. तेरा वर्षांचं डांबर, तेरा वर्षांचं खारं वारं. गाठ दगड झाली होती. टेलिफोन खांदा आणि गालाच्या मध्ये धरून त्याने दोन्ही हात लावले. दात लावले.

"अरे बोल!" शेट कासावीस झाले. "तीनच मिनिटं मिळतात!"

"गाठ सुटत नाय!"

"गाठ? अरे मरू दे ती गाठ, तार कापतील!"

पलीकडून जगनचा आवाज आला, हसल्यासारखा, रडल्यासारखा. "दादा, आजून तीच दोरी?"

काशीरामाच्या ओठावर काथ्याने रक्त आलं. गाठ जागची हलली नव्हती. आणि मग ज्याने सबंध पनवेलची गुपितं कधी गाठीआधी फोडली नव्हती, त्या तांडेलाने डोळे मिटले आणि बांधलेल्या गाठीनिशी, मैनाच्या आवाजात, मैनासारखाच हेल काढून, त्या काळ्या नळीत निरोप सोडला.

"रागानं बोलले. उंबऱ्यावर रोज पानी टाकते, तुमचा पाय पडायचाय म्हनून. लवकर या."

हमाल पोती खांद्यावर घेऊन तसेच उभे.

"दादा," जगन म्हणाला, "मचवा कदी सुटतो?"

काशीरामाच्या तोंडून सवयीने आपसूक गेलं, "आज पाचची भरती. मशीद बंदराला ये."

खट्. टेलिफोन मेला.

तो नळी धरून उभाच राहिला. मग त्याने वर पाहिलं. मचव्याच्या फळ्या छपरात होत्या.

"शेट," तो म्हणाला, "मी त्याला मचव्याला बोलावलं."

"कुठल्या मचव्याला?"

"तेच त!"

परत टेलिफोन लावायचा तर कंपनीचा नंबर कुणाला ठाऊक? आणि ट्रंक लावला तरी मिळता मिळता संध्याकाळ. जगन तिथे वाट बघणार, मचवा येणार नाही, आणि हा शब्दही खोटा म्हणून तो आल्या वाटेने परत फिरणार. अंगठा आज नाही तर उद्या उठणार.

दिनानाथशेट मोठे हिशेबी, पण त्या क्षणी त्यांनी हिशेब केला नाही. दारात मालमोटार तांदूळ भरून उभी होती. "ड्रायव्हर, आधी मिठागरावरून घे. एक बाई घ्यायची आहे."

मैना होती तशीच निघाली. पाय पोटरीपर्यंत मिठाने पांढरे. ज्या मालमोटारींनी काशीरामाचा मचवा खाल्ला त्यांतल्याच एकीत, ड्रायव्हरशेजारच्या फळीवर दोघं बसली. मुंब्र्याच्या डोंगराला वळसा, मग ठाणे, मग मुंबई. काशीराम खिडकीतून पाणी शोधत होता. भरती कुठवर आली ते रस्त्यावरून काही कळेना.

"दादा, दोरी द्या," मैना म्हणाली.

तिने ड्रायव्हरच्या पितळी तांब्यातलं पाणी गाठीवर ओतलं आणि मिठाने चिरलेल्या बोटांनी गाठ चोळत राहिली. ठाण्याच्या खाडीवर एक पीळ हलला. सायनला दुसरा. तिने मान वर केली नाही.

मशीद बंदराला गाडी पोचली तेव्हा पाणी पायऱ्यांच्या वरच्या टप्प्याला लागलं होतं. हमालांची पांगापांग झाली होती. पाण्यालगतच्या पायरीवर एक माणूस उभा होता, केस पिकलेले, पायाशी पत्र्याची ट्रंक. डोळ्यांवर हात धरून तो समुद्राकडे बघत होता. पनवेलहून येणारं शीड शोधत होता. त्याच्या मनात घरची माणसं पाण्यावरूनच यायची. मागे रस्ता आहे हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

काशीरामाला हाक मारायची होती, पण त्याने मैनाकडे पाहिलं. एकच पीळ उरला होता. तो तिने तसाच राखला होता.

"जा," तो म्हणाला. "तुजी गाठ, तूच सोड."

ती पायऱ्या उतरली. मिठाचे पांढरे ठसे मागे उमटत गेले. काशीराम वरच थांबला. त्याला तिकडे बघवेना, म्हणून त्याने नजर पुढे टाकली, भावाने जिथे लावली होती तिथेच. पाणी काठोकाठ होतं, वारा पनवेलकडे वाहणारा. मचवा असता तर शीड आत्ताच वर केलं असतं.