मी त्यात पडत नाई

आमच्या तालुक्याच्या कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत एक कारकून बसायचा. कोणी थुंकी लावून पान उलटलं की हातावर फटकन मारायचा, मग तो सरपंच का असेना. त्याचं मला कौतुकच वाटायचं, खोटं कशाला बोलू? निवडणुकीचा विषय निघाला की म्हणायचा, "काकू, हे रेकॉर्ड हाय. इथं राजकारण नाई."

मग आमच्या गावच्या चराईच्या जागेवर एका पुढाऱ्याला कॉलेज काढायचं सुचलं. आम्हा शेळ्यावाल्या बायांचं पोट त्याच जागेवर होतं. ग्रामसभेत या कारकुनाला जुनं रजिस्टर घेऊन बोलावलं. मी उठले. "भाऊ, जागा गावची का नाई, तेवढं वाचून दाखव."

त्यानं पुढाऱ्याकडं पाहिलं अन् रजिस्टर मिटलं. "हा राजकारणाचा मामला हाय, काकू. मी त्यात पडत नाई."

"मी तुले तुयं मत इचारून राह्यली का रे? लिहिलं ते वाच!"

त्यानं रजिस्टर काखेत मारलं. हात वर झाले, ठराव झाला, जागा गेली.

आठ दिवसांनी अर्ज केला, तर त्यानं त्याच पानाची नक्कल शिक्का मारून दिली. गुरं चारण्यासाठी, गावाची, असं स्वच्छ लिहिलेलं. ती वाचून माझं डोकंच फिरलं.

"सभेत काऊन नाई बोलला?"

"मी कोणाच्याच बाजूनं बोललो नाई, काकू."

"मग सभा संपल्यावर त्या पुढाऱ्यानं तुले हार काऊन घातला रे, बाबू?"