भरलेला वर, रिकामा खाली

चिमीला चिमी का म्हणतात हे घरात कुणालाच आठवत नाही. जन्मली तेव्हा लहान असेल, पण तशी सगळीच असतात. पुढे ती जी वाढत सुटली ती दाराच्या चौकटीला डोकं आपटल्यावरच थांबली. बाबा घरोघर पाण्याचे जार पोचवायचे. त्यांची कंबर धरली आणि सगळा धंदा चिमीच्या खांद्यावर आला. अक्षरशः खांद्यावरच. भरलेला जार डाव्या खांद्यावर टाकायचा, लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने चढायचे, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात तो टेकवायचा आणि तिथला रिकामा जार उचलून खाली यायचं. रिकाम्या हातानं खाली आलेलं बाबांना खपत नसे. "रिकामा वरच राहिला, तर उद्या भरायचं कशात? माझ्या टोपीत?" असं ते विचारत.

अशी मुलगी सौंदर्यस्पर्धेत गेली ती आत्यामुळे. आत्याचं ब्युटी पार्लर होतं आणि भाचीबद्दल तिची मतं ठाम होती. परीक्षकांना चिमीचं हसू आवडलं, आणि बघता बघता चिमी देशाच्या नावाची पट्टी खांद्यावरून घेऊन जागतिक स्पर्धेच्या हॉटेलात दाखल झाली. सोबत अर्थातच आत्या.

तिथे पहिल्याच सरावाला पंचाईत झाली. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर ओझं वाहिल्यामुळे चिमी मोकळी चालतानाही उजवीकडे कलायची. चाल शिकवणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "ही मंचावर चालतेय की घर बदलतेय?" मुली खुदखुदल्या. चिमीही हसली, पण उपांत्य फेरीचं दार आपल्यासाठी बंद झालं हे तिला तिथेच कळलं. आता एकच खिडकी उघडी होती, ती म्हणजे क्रीडा फेरी. ती जिंकेल ती मुलगी थेट उपांत्य फेरीत, मग तिची चाल सरळ असो की तिरकी.

"आत्या, जार काय, घरी गेल्यावर उचलायचेच आहेत," मैदानाकडे जाताना चिमी म्हणाली. "पण एकदा मंचावरच्या त्या दिव्यांखाली उभी राहीन, आणि मग उचलीन."

"मग काजळ पूस आधी. घामानं उतरलं की भूत दिसशील."

"भ्यायले परीक्षक तर पटापट गुण देतील."

"जीभ जेवढी चालवतेस तेवढे पाय चालव म्हणजे झालं."

पायही चालले. धावण्यात एक लांब टांगांची धावपटू पहिली आली, चिमी दुसरी. गोळाफेकीत चिमीनं गोळा असा भिरकावला, की मोजायला उभा असलेला माणूस टेप टाकून पळाला. त्यात ती पहिली आणि धावपटू दुसरी. गुण सारखे झाले. शेवटची शर्यत पायऱ्यांची होती. वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन प्रेक्षकांच्या गॅलरीच्या टोकापर्यंत चढायचं, पिशवी तिथे ठेवायची आणि खाली येऊन फीत तोडायची.

शिट्टी वाजली. चिमी जिना चढली, म्हणजे नेहमीचं कामच केलं. वर पोचली तेव्हा धावपटू अजून निम्म्यात धापा टाकत होती. चिमीनं पिशवी अलगद टेकवली, वळली आणि थबकली. पाय खाली उतरायला तयारच होईनात. ती इकडे पाहू लागली, तिकडे पाहू लागली. एवढ्यात धावपटू वर आली, तिनं पिशवी आदळली आणि उतरायलाही लागली.

"अगं, खाली ये ना. काय हरवलंय तिथे?" आत्या खालून ओरडत होती.

तिथेच वर मांडलेल्या परीक्षकांच्या टेबलाजवळ प्यायच्या पाण्याचा रिकामा जार पडला होता. चिमीच्या जिवात जीव आला. तिनं तो खांद्यावर टाकला आणि सुटली. धावपटू एकेक पायरी बघून उतरत होती. चिमीनं उतरताना पायरी कधी पाहिलीच नव्हती, जारापलीकडचं दिसतंय कुणाला. खालच्या वळणावर तिनं धावपटूला गाठलं, "सरक गं जरा" म्हणत मागे टाकलं आणि फीत तोडली.

परीक्षक खाली येऊन गोळा झाले. मुख्य परीक्षकांनी चष्मा पुसला. "हा जार कशाला आणलास?"

"रिकामा होता," चिमी म्हणाली. यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काय आहे हे तिला कळेना.

नियमात पिशवी वर नेण्याबद्दल लिहिलं होतं, खाली काय आणू नये याबद्दल अवाक्षर नव्हतं. तरी त्यांची कुजबुज संपेना. शेवटी धावपटूच कमरेवर हात ठेवून पुढे आली. "ती सामान घेऊन उतरली, मी मोकळी उतरले, तरी मी मागे राहिले. आणखी चर्चा करून माझी किती शोभा करणार आहात?"

ध्वनिक्षेपक खरखरला आणि उपांत्य फेरीतलं पहिलं नाव मैदानभर घुमलं. चिमीचं. आत्यानं शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली आणि ती सोडायचं विसरली. चिमी विजयाच्या चौथऱ्यावर चढली. हात दोन्ही मोकळे, ते कुठे ठेवावेत हेच तिला सुचेना, म्हणून तिनं ते सरळ वर केले. अख्खं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं. आपण जिंकलो आहोत हे चिमीला खरं वाटलं ते तेव्हा, आणि मग तिनं हात बराच वेळ खाली घेतलेच नाहीत.